इसार देण्याआधी: गृहकर्ज कुठे अडतं आणि नकाराची किंमत किती

घर पसंत पडतं, मालकाशी बोलणी होतात, इसारपावतीवर सह्या होऊन दोन-चार लाख हातातून जातात आणि त्यानंतर माणूस बँकेची पायरी चढतो. छत्रपती संभाजीनगरात घरखरेदीचा क्रम बहुतेक वेळा असाच असतो, आणि कर्ज नाकारलं गेलं तर सगळ्यात मोठा फटका या क्रमामुळेच बसतो. म्हणून कर्ज का नाकारलं जातं हे सांगताना इथे पैशाचा हिशेबही मांडला आहे: नकार आला तर किती जातात, आणि तो टाळायला किती लागतात.

आधी नकाराचं बिल पाहू. गृहवित्त कंपन्या अर्ज दाखल करतानाच ‘लॉगिन फी’ घेतात. ती साधारण दोन ते सहा हजारांच्या घरात असते आणि कर्ज नाकारलं तरी परत मिळत नाही. सरकारी बँकांत प्रक्रिया शुल्क बहुधा मंजुरीच्या वेळी लागतं, पण बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाचा सर्च रिपोर्ट आणि मूल्यांकनकाराची फी अर्जदाराच्याच खिशातून जाते. दोन्ही मिळून साधारण पाच ते दहा हजार धरा. वकिलाने ‘कागद चालणार नाहीत’ असा अहवाल दिला तरी त्याचं काम झालेलं असतं, त्यामुळे फी द्यावीच लागते. दुसऱ्या बँकेत गेलात की हाच खर्च पुन्हा. आणि या सगळ्याच्या वर इसाराची रक्कम. ‘मुदतीत खरेदीखत न झाल्यास इसार जप्त’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक इसारपावतीत असतं. कर्जच मिळालं नाही तर काय, याबद्दल मात्र त्यात एक अक्षर नसतं.

तेव्हा इसारपावतीत हे वाक्य लिहून घ्या: ‘खरेदीदारास बँकेकडून गृहकर्ज मंजूर न झाल्यास, अथवा मिळकतीच्या कागदपत्रांतील त्रुटीमुळे बँकेने कर्ज नाकारल्यास, इसाराची संपूर्ण रक्कम विक्रेता ३० दिवसांच्या आत बँक खात्यातून परत करील.’ त्याला खर्च काहीच नाही. मालक हे लिहून द्यायला तयार नसेल, तर इसाराआधी सगळे कागद वकिलाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. बिल्डरकडून फ्लॅट घेत असाल तर कायदा तुमच्या बाजूने अधिक स्पष्ट आहे. नोंदणीकृत करार केल्याशिवाय फ्लॅटच्या किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरचा किंवा आठपेक्षा जास्त सदनिकांचा प्रकल्प असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक मागा आणि महारेराच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. त्यालाही पैसे लागत नाहीत.

जमीन कोणती आहे, हे आधी

बँकेला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या असतात. हा माणूस हप्ते फेडेल का, आणि नाही फेडले तर हे घर विकून पैसे वसूल होतील का. लोक पहिल्या प्रश्नाची तयारी करून जातात. पगारपत्रक, फॉर्म १६, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, सगळं फाइलमध्ये नीट लावलेलं असतं. माझं मत असं की या शहरात खरी अडचण दुसऱ्या प्रश्नाची आहे. अर्जदार चांगला, पगार चांगला, सिबिल चांगलं, आणि घर मात्र अशा जमिनीवर उभं, जिच्यावर बँकेला तारण लिहून घेता येत नाही.

याचं पहिलं कारण गुंठेवारी. शेतजमिनींचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकले गेले, त्यांवर घरं बांधली गेली आणि बघता बघता वस्त्या झाल्या. पुंडलिकनगर, जयभवानीनगर, नारेगाव यांसारख्या आज भरवस्तीत मोडणाऱ्या भागांतही हे झालं. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. कामगार कुटुंबाच्या आवाक्यात बसेल असा हाच आकार होता. अकृषिक परवानगी नाही, ले-आउट मंजूर नाही, बांधकाम परवाना नाही, अशी या घरांची स्थिती. कित्येक व्यवहार तर शंभर रुपयांच्या बाँडवर नोटरी करून झाले. शंभर रुपयांहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्ताशिवाय होत नाही. त्यामुळे नोटरीच्या बाँडने ताबा मिळाला असेल, मालकी मिळालेली नाही. बँकेचा वकील त्या कागदापाशीच थांबतो.

यावर उपाय आहे. महाराष्ट्र गुंठेवारी विकास (नियमाधीन करणे, श्रेणीवाढ व नियंत्रण) अधिनियम २००१ साली आला आणि २०२१ च्या सुधारणेने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी नियमित करण्याची सोय झाली. महापालिकेचं नियमितीकरण प्रमाणपत्र हातात असेल तर बँकांचा दृष्टिकोन बदलतो. पण ‘फाइल टाकली आहे’ आणि ‘प्रमाणपत्र मिळालं आहे’ यांत मोठं अंतर आहे. बँकेला प्रमाणपत्र लागतं, पावती नाही. नियमितीकरणाचं शुल्क भूखंडाच्या आकारावर आणि रेडी रेकनर दरावर ठरतं, सवलती अधूनमधून बदलतात. ते कोणी भरायचं हे सौद्यातच ठरवून लिहून घ्या. नाही तर किंमत ठरल्यावर तो खर्च खरेदीदाराच्या गळ्यात पडतो. विकास आराखड्यातल्या आरक्षणावरचं किंवा सरकारी जमिनीवरचं घर यात बसत नाही, हेही लक्षात ठेवा.

आराखड्याचा विषय निघालाच आहे तर, २०२५ च्या पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेने मुकुंदवाडीपासून रुंदीकरणासाठी पाडापाडी सुरू केली. पुढे पैठण रोड, पडेगाव, बीड बायपास अशा रस्त्यांवर ती मोहीम गेली. रस्त्यालगतचं घर घेताना मंजूर आराखड्यात तो रस्ता किती रुंद दाखवला आहे, हे नगररचना विभागाकडून भाग नकाशा काढून पाहायलाच हवं. मूल्यांकनकार तो पाहतोच. घराचा पुढचा भाग रस्त्यात जाणार असेल तर तो किंमत कमी धरतो किंवा सरळ नकाराची शिफारस करतो.

‘पण रजिस्ट्री तर झाली आहे ना?’ हा प्रश्न सगळ्यांच्या तोंडी असतो. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो. विकणाऱ्याला तो तुकडा विकण्याचा हक्क होता की नाही, याचा निवाडा तो करत नाही. तुकडेबंदीच्या १९४७ च्या कायद्याचं उदाहरण घ्या. एक-दोन गुंठ्यांची खरेदीखतं नोंदवू नयेत असं परिपत्रक नोंदणी विभागाने १२ जुलै २०२१ रोजी काढलं, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ५ मे २०२२ रोजी ते रद्द केलं. दस्त नोंदवणं सुरू झालं म्हणजे तुकडा पाडण्यातला दोष गेला, असा अर्थ अनेकांनी काढला. तो चुकीचा आहे. शहरी भागातले जुने तुकडे नियमित करण्याची वाट सरकारने अलीकडे बरीच मोकळी केली आहे. मात्र सातबाऱ्यावर त्याची नोंद होईपर्यंत बँकेच्या लेखी काही बदललेलं नसतं.

सातारा आणि देवळाईकडे घर घेणाऱ्यांनी बांधकाम परवाना कोणाच्या सहीचा आहे ते पाहावं. हा भाग २०१५ मध्ये महापालिकेत आला. त्याआधीच्या कित्येक इमारती ग्रामपंचायतीच्या परवानगीवर उभ्या आहेत. शहराच्या भोवतालच्या झालर क्षेत्रातही हाच प्रश्न येतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा करआकारणीचा उतारा आहे. त्यावर नाव लागलं म्हणजे जमीन अकृषिक झाली किंवा बांधकाम मंजूर झालं, असं होत नाही. फ्लॅट असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मागा. मंजूर नकाशात तीन मजले आणि जागेवर चार, हे चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटचं कर्ज नाकारलं जाण्याचं अगदी साधं कारण आहे.

मराठवाड्याची आणखी एक खास अडचण म्हणजे इनामी जमिनी. हा प्रदेश १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता आणि इथली बरीच इनामं त्या राज्याच्या १९५४ च्या इनाम निर्मूलन कायद्याखाली आली. मदतमाश, खिदमतमाश, देवस्थान असे इनामांचे प्रकार. यातल्या काही जमिनी सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ म्हणून राहिल्या, म्हणजे सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आणि नजराणा भरल्याशिवाय विक्री नाही. काही वक्फच्या आहेत. राज्य वक्फ मंडळाचं कार्यालय याच शहरात पाणचक्कीला आहे, तेव्हा शंका असेल तर चौकशीला लांब जावं लागत नाही. म्हणूनच इथले जाणते वकील तीस वर्षांच्या सर्चवर न थांबता १९५४-५५ च्या सुमाराचं खासरा पाहणी पत्रक काढायला सांगतात. त्यात ‘इनाम’ लिहिलेलं असेल तर ती जमीन वर्ग १ कशी झाली, याची साखळी दाखवावी लागते. ती अर्धवट असेल तर बँक थांबते, आणि तिचं थांबणं बरोबरच असतं.

सिडकोत प्रकार वेगळा. १९७० च्या दशकात सिडकोने नवीन औरंगाबाद वसवलं. एन-१ पासूनचे सेक्टर आजही त्याच नावांनी ओळखले जातात. २००६ मध्ये नागरी सुविधा महापालिकेकडे गेल्या, पण भाडेपट्ट्याचा संबंध सिडकोशीच राहिला. घर मूळ लाभार्थ्याच्या नावावर आणि मधले दोन-तीन व्यवहार मुखत्यारपत्रावर, असं असेल तर आधी सिडकोच्या दप्तरी हस्तांतर पूर्ण करावं लागतं. कर्जासाठी सिडकोचं ना-हरकत पत्रही लागतं. हस्तांतर शुल्क किती येईल हे कार्यालयातून लेखी घ्या आणि मगच किमतीचं बोला. वाळूजच्या बजाजनगरात जमीन एमआयडीसीची, म्हणून तिथे ना-हरकत एमआयडीसीची.

जुन्या शहरातली आणि गावठाणातली घरं बहुधा वारसांमुळे अडतात. वडील गेले, घर भावांनी वाटून घेतलं, बहिणींची सही कुठेच नाही. बहिणींचा हिस्सा कायद्याने आहे. त्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल तर विक्री अपुरी. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात सोसायटीचा किंवा पतसंस्थेचा जुना बोजा राहिलेला असतो, कर्ज कधीच फिटलेलं असतं. ती पतसंस्था चालू असेल तर बेबाकी दाखला आठवड्याभरात मिळू शकतो. संस्थाच अडचणीत असेल तर प्रशासक किंवा अवसायकाकडे खेटे घालावे लागतात, आणि त्यात महिने जातात. २०२३ मध्ये आदर्श नागरी सहकारी पतसंस्थेचा घोटाळा उघड झाला, तेव्हा घरासाठी साठवलेल्या ठेवी अडकलेल्या कुटुंबांचे हाल शहराने पाहिले आहेत. त्यामुळे विक्रेत्याच्या कागदावर कोणत्या संस्थेचा बोजा आहे आणि ती आज कोणत्या अवस्थेत आहे, हे इसाराआधी विचारा.

हे सगळं आधी तपासायला खर्च किती? डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपये. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च फुकट. सूची क्रमांक २ तिथे दिसते. मिळकत दुसऱ्या बँकेकडे गहाण आहे का, हे ‘सरसाई’ या केंद्रीय नोंदवहीत पाहायला १० रुपये आणि त्यावरचा कर. स्वतःचा वकील लावून सर्च काढला तर साधारण तीन ते पाच हजार, खासरा पत्रकापर्यंत मागे गेलात तर थोडे जास्त. बोलणी चालू असतानाच हा खर्च करा. जमलं तर ज्या बँकेकडून कर्ज घ्यायचं आहे तिच्या पॅनेलवरचा वकील गाठा, म्हणजे त्याचाच अहवाल पुढे कामी येण्याची शक्यता असते.

पगार मोठा, कर्ज छोटं

आता बँकेचा पहिला प्रश्न: हा माणूस हप्ते फेडेल का. हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण निम्मा भाग सगळ्या हप्त्यांसाठी, असं बहुतेक बँका धरतात. पगार मोठा असेल तर प्रमाण थोडं वाढतं. साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षं मुदत धरली तर एक लाख कर्जाचा हप्ता ८६८ रुपये येतो. हा आकडा लक्षात ठेवला की बाकीचा हिशेब घरी बसून करता येतो.

हातात ४५,००० पगार असेल तर हप्त्याला २२,५००, म्हणजे जवळपास २६ लाख कर्ज. आता त्याच माणसाचा मोटारसायकलचा ४,००० आणि मोबाइल-फ्रिजचा २,५०० असे दोन हप्ते चालू आहेत असं समजा. उरले १६,०००. कर्ज उतरलं १८ लाख ४३ हजारांवर. साडेसहा हजारांच्या हप्त्यांनी साडेसात लाखांचं कर्ज खाल्लं. त्या दोन कर्जांची शिल्लक कदाचित साठ-सत्तर हजारच असेल. अर्ज करण्याआधी दोन महिने ती फेडून टाका, बेबाकी दाखला घ्या आणि पतअहवालात खातं ‘बंद’ दिसतंय ना ते पाहा. घरासाठी साठवलेल्या पैशातून साठ हजार काढणं जिवावर येतं, पण याहून जास्त परतावा देणारी दुसरी जागा तुम्हाला त्या घडीला सापडणार नाही.

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कारखान्यांत ठेकेदारामार्फत काम करणाऱ्यांची अडचण निराळी आहे. पगार वेळेवर येतो, पण दर दीड-दोन वर्षांनी ठेकेदाराचं नाव बदलतं. बँकेच्या नजरेला ती नोकरी बदलल्यासारखी दिसते. अशा वेळी भविष्यनिर्वाह निधीचं पासबुक सोबत जोडा. एकाच यूएएन क्रमांकाखाली सलग वर्गणी दिसली तर काम अखंड आहे हे सिद्ध होतं. ओव्हरटाइम आणि दिवाळीचा बोनस बँक पूर्ण धरत नाही, म्हणून हिशेब मूळ पगारावरच करा. आणि पगार रोखीत घेत असाल तर आजपासून खात्यात घ्यायला लागा. किमान सहा महिन्यांची नोंद झाल्याशिवाय अर्जात अर्थ नाही. पत्नी कमावती असेल तर तिला सहअर्जदार करा. दोन्ही उत्पन्नं मिळून धरली जातात.

दुकानदार आणि छोटे व्यावसायिक विवरणपत्रावर अडतात. वर्षाची उलाढाल ६० लाख आणि अनुमानित पद्धतीने सहा टक्के नफा दाखवला, तर उत्पन्न झालं ३ लाख ६० हजार. महिना ३०,०००. निम्मे धरले तर १५,००० हप्ता आणि सव्वासतरा लाख कर्ज. घर मात्र चाळीस लाखांचं पाहिलेलं असतं. उत्पन्न कमी दाखवून कर वाचवण्याची सवय जुनी आहे, पण आता ती बहुतेकांना उलटी पडते. नव्या करप्रणालीत २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून १२ लाखांपर्यंतच्या सामान्य उत्पन्नावर करच लागत नाही. जे कमावता ते खरं दाखवा. बँक दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागते, तेव्हा हे आज सुरू केलं तर फळ दोन वर्षांनी मिळेल. कर्जाच्या आधी घाईने दोन वर्षांची विवरणपत्रं एकाच आठवड्यात भरली, तर बँकेला ती तारीख दिसते आणि शंका येते.

सिबिल आणि जामीनदारी

पतगुण ३०० ते ९०० या पट्ट्यात असतो. ७५० च्या वर असेल तर चिंता नाही, ७०० च्या खाली गेला की प्रश्न सुरू होतात. पण अमुक गुणांच्या खाली कर्ज देऊच नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम नाही. पहिल्यांदाच कर्ज घेणाऱ्याला पतइतिहास नाही एवढ्याच कारणावरून नकार देऊ नये, हेही केंद्र सरकारने २०२५ मध्ये लोकसभेत स्पष्ट केलं आहे.

ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. अर्जाच्या तीन महिने आधी तो काढा. गुणांचा आकडा पाहून अहवाल मिटू नका, खाली प्रत्येक खात्याची अवस्था वाचा. विसरलेल्या क्रेडिट कार्डाची काही शे रुपयांची थकीत वार्षिक फी, ‘सेटल्ड’ असा शेरा, आपलं नसलेलंच एखादं खातं, अशा गोष्टी तिथे सापडतात. ‘सेटल्ड’ म्हणजे बँकेने कमी पैशांत मिटवलं. कर्जदाराला ते फिटल्यासारखं वाटतं, पण पुढच्या बँकेला ते अर्धवट फेडल्यासारखं दिसतं. शक्य असेल तर उरलेली रक्कम भरून ‘बंद’ असा शेरा करून घ्या. पीककर्ज माफ झालेल्यांनीही अहवालातलं ते खातं एकदा तपासावं.

जामीनदारी हा आपल्याकडचा नाजूक विषय. भावकीत, मित्रमंडळीत, नोकरीच्या ठिकाणी एकमेकांना जामीन राहणं हा संबंधांचा भाग समजला जातो, आणि नाही म्हणणं जड जातं. पण तुम्ही जामीन असलेलं कर्ज थकलं की ती थकबाकी तुमच्याही अहवालात येऊ शकते, आणि ती भरल्याशिवाय तुमचा अर्ज हलत नाही. कुठे कुठे सही केली आहे हे आठवून ठेवा. पुढच्या दोन वर्षांत घर घ्यायचं असेल तर नव्या जामिनाला स्पष्ट नकार द्या. कारण सांगितलं तर समोरचा समजून घेतो.

अहवालातली चूक दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. तक्रार ऑनलाइन करा. ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचं बंधन रिझर्व्ह बँकेने घातलं आहे. ‘पंधरा हजारांत सिबिल वाढवून देतो’ म्हणणाऱ्यांच्या हाती पॅन आणि आधार देऊ नका. खरी नोंद कोणालाही पुसता येत नाही, आणि खोटी नोंद तुम्ही स्वतः फुकट काढू शकता. एकाच वेळी चार-पाच ठिकाणी अर्ज टाकू नका. प्रत्येक चौकशीची नोंद होते आणि हा माणूस पैशासाठी धडपडतोय असा अर्थ काढला जातो.

करारात किती आणि हातात किती

सौदा ४० लाखांचा, करार २८ लाखांचा, बाकी १२ लाख ‘वरून’ रोख. हे चालत आलेलं आहे, आणि कर्ज घेणाऱ्याला सगळ्यात जास्त महाग पडणारं आहे. बँक कराराची रक्कम आणि मूल्यांकन यांतला कमी आकडा धरते. रिझर्व्ह बँकेच्या मर्यादेनुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांना ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के मिळतात. २८ लाखांच्या करारावर जास्तीत जास्त २५ लाख २० हजार मिळतील. पूर्ण ४० लाखांच्या करारावर ३२ लाख मिळू शकतात. रोखीच्या हट्टापायी खरेदीदाराला ६ लाख ८० हजार जास्त उभे करावे लागतात. शिवाय स्थावराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोख स्वीकारायला आयकर कायद्याने बंदी आहे आणि घेतली तेवढाच दंड घेणाऱ्याला होऊ शकतो. विक्रेत्याला हे शांतपणे सांगून पाहा.

स्वतःचा वाटा मोजतानाही लोक चुकतात. ४० लाखांच्या घराला २० टक्के म्हणजे ८ लाख जमवले, काम झालं असं वाटतं. पण मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी त्या किमतीत धरली जात नाही; घर १० लाखांच्या आतलं असेल तरच अपवाद. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ६ टक्के धरा, म्हणजे २ लाख ४० हजार. नोंदणी फी ३०,०००. ३२ लाखांच्या गहाणखताला ०.३ टक्के मुद्रांक, ९,६००, आणि सूचनापत्र दाखल करायला १,००० रुपये. प्रक्रिया शुल्क, वकील, मूल्यांकन मिळून आणखी पंधरा-वीस हजार. आठ लाखांचे झाले जवळपास ११ लाख. हे तीन लाख उभे राहत नाहीत म्हणून मंजूर झालेली कर्जंही उचलली जात नाहीत, आणि काहीजण ऐनवेळी वैयक्तिक कर्ज काढतात. ते कर्ज अहवालात दिसलं की बँक मंजुरी मागे घेऊ शकते. घर फक्त पत्नीच्या किंवा आईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सवलत आहे. या उदाहरणात ४०,००० रुपये वाचतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांच्या आत, घर ३५ लाखांच्या आत, कर्ज २५ लाखांच्या आत आणि देशात कुठेही पक्कं घर नसेल, तर प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मधल्या व्याज अनुदानाची, जास्तीत जास्त १ लाख ८० हजारांची, चौकशी बँकेतच करा.

नावांच्या फरकावर थोडंच सांगतो, कारण हे काम लवकर मिटतं. पॅनवर वडिलांचं नाव मध्ये, आधारवर नाही. पत्नीचं पॅन माहेरच्या नावाने, खातं सासरच्या. असं असेल तर अर्जाआधी एकसारखं करून घ्या. शहराचं नाव २०२३ मध्ये बदललं, म्हणून जुन्या दस्तांवरचं ‘औरंगाबाद’ हा दोष ठरत नाही. पडताळणीला माणूस घरी येणार असेल त्या दिवशी कोणीतरी घरी थांबा आणि कंपनीच्या एचआरला फोन येईल हे आधी सांगून ठेवा.

नकार आल्यावर

तोंडी नकार घेऊन परत येऊ नका. कर्ज नाकारलं तर त्याची मुख्य कारणं लेखी कळवावीत, असं रिझर्व्ह बँकेच्या न्याय्य व्यवहार संहितेत आहे, आणि ते सगळ्या रकमांच्या कर्जांना लागू आहे. काही वित्तसंस्था काही वस्त्यांमध्ये कर्ज द्यायलाच तयार नसतात आणि ‘सिस्टीम घेत नाही’ एवढंच सांगतात. अशा वेळी तर लेखी कारण मागाच. शाखेकडे अर्ज द्या, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार फुकट करता येते. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या पोर्टलवर घालता येते आणि चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. गृहवित्त कंपनी असेल तर नॅशनल हाउसिंग बँकेकडे. कर्ज द्यायचं की नाही हा निर्णय लोकपाल बदलत नाही. मात्र कारण न सांगणं आणि उत्तर न देणं याची दखल घेतली जाते.

लेखी कारण हातात आलं की पुढचा रस्ता ठरतो. कारण उत्पन्नाचं असेल तर दुसरी बँक चालू शकते, कारण प्रत्येकीचं गणित थोडं वेगळं असतं. कारण पतअहवालाचं असेल तर आधी दुरुस्ती, मग किमान तीन महिने थांबून अर्ज. कारण जमिनीचं असेल तर दुसऱ्या बँकेचा वकीलही तेच लिहिणार, तेव्हा आणखी पाच-दहा हजार घालवण्याआधी विक्रेत्याला कागद दुरुस्त करायला लावा.

याच वेळी दलाल एक सोपा पर्याय सुचवतो. गुंठेवारीच्या किंवा ग्रामपंचायत परवानगीच्या घरावर कर्ज देणाऱ्या छोट्या गृहवित्त कंपन्या आहेत, व्याजदर मात्र चढा. ३० लाखांचं कर्ज २० वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता २६,०३५. साडेअकरा टक्क्यांनी घेतलं तर ३१,९९३. महिन्याला ५,९५८ जास्त, २० वर्षांत १४ लाख ३० हजार. अपुऱ्या कागदांच्या घराची ही खरी जादा किंमत आहे, आणि ती सौद्याच्या वेळी कोणी बोलून दाखवत नाही. नियमितीकरण वर्ष-दोन वर्षांत होईल याचा ठोस आधार असेल, तर हे कर्ज घेऊन नंतर स्वस्त बँकेत हलवता येतं; बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नाही. पण घेताना व्याजदर बदलता आहे की स्थिर, हे मंजुरीपत्रात वाचा, आणि मागितलेल्या किमतीतून नियमितीकरणाचं शुल्क व त्या दोन वर्षांचे जादा हप्ते, साधारण १ लाख ४३ हजार, वजा करूनच मालकाशी बोला.